शेणाचं विरजण

शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी सांडपाण्याचा प्लांट सांभाळत असे. दिवाळीच्या सुट्टीतली ड्युटी दरवर्षी माझ्याकडेच यायची. मुकुंदवाडीतल्या माझ्या दोन खोल्यांत वाट बघणारं कुणी नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते खरंच होतं, त्यामुळे मीही कधी वाद घातला नाही.

घाण पाणी साफ करण्याचं खरं काम जिवाणू करतात. हौदात ब्लोअरने हवा सोडत राहायची, बाकीचं ते खातात. आम्ही त्यांना 'कल्चर' म्हणायचो. कल्चर चांगलं असलं की हौद चॉकलेटी दिसतो आणि नांगरलेल्या रानासारखा वास येतो. साफ झालेलं पाणी कूलिंग टॉवरला आणि संडासांना परत जायचं.

त्या वर्षी धनत्रयोदशीला, सुट्टीआधीच्या धुलाईत, कुणीतरी कॉस्टिक सोड्याचं जहाल पाणी थेट आमच्या हौदाकडे सोडून दिलं आणि गावाकडची बस पकडली. दुसऱ्या दिवशी सकाळी हौद काळपट, वर पांढरा फेस. सूक्ष्मदर्शकाखाली काहीही हलत नव्हतं.

मॅनेजरांना फोन केला.

"सोमवारी कारखाना उघडेपर्यंत कल्चर उठेल?"

"सांगता येत नाही, सर."

"नाही उठलं तर नाल्याचा व्हॉल्व्ह उघडा. प्रॉडक्शन थांबवता येणार नाही."

नाला खालच्या शेतांतून, विहिरींच्या कडेने जातो. व्हॉल्व्ह उघडणारा हात माझा असणार होता. ॲसिड घालून हौद ताळ्यावर आणला, पण त्यात जीव घालायला हवा होता. दुसऱ्या कारखान्याचा जिवंत गाळ मागावा तर सगळीकडे कुलपं. उरलं ताजं शेण.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी स्कूटरला दोन बादल्या बांधून मी करमाड रस्त्यावरच्या एका वस्तीवर गेले. गोठ्यात दोन गायी, एक म्हैस आणि माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी एक बाई.

"मावशी, थोडं शेण हवं होतं."

"शेण हाय की. पण आज लक्ष्मी. आज दारातून शेण बाहेर जात नसतं."

"उद्या?"

"उद्या पाडवा. उद्या आमालाच शेण लागंल, दारात गवळणी घालायला. परवा या."

"परवापर्यंत उरलेसुरले असतील तेही मरतील हो."

"कोण मरतंय?"

"जंतू."

"मग मरू द्या की!" ती हसायला लागली. "जंतू मरंनात म्हणून लोक दवाखान्यात जातेत, आन् तुमी जगवायला निघालात व्हय?"

मी तिथेच उकिडवी बसले आणि सांगितलं, की हे जंतू घाण खातात, दह्याला जसं विरजण तसं हे, आणि आमचं विरजण मेलंय. मेलेलंच राहिलं तर घाण पाणी नाल्यात जाईल, हेही सांगितलं. मॅनेजरांनी ते बाहेर बोलायला नको म्हटलं असतं, पण मॅनेजर गावी होते.

तिचं हसू थांबलं. "आमची हीर नाल्याच्या कडंलाच हाय."

"म्हणूनच."

तिने म्हशीच्या दाव्याला हात घातला. मग म्हणाली, "माझ्या हातानं देणार नाय. दारातूनबी नाय. पण जनावरं आता चरायला सोडणार हाय. बांधाच्या पल्याड जे पडंल ते माझं नाय."

अशा रीतीने रसायनशास्त्राची पदवी घेतलेली मी, सणाच्या दिवशी, दोन तास जनावरांच्या मागे बादली घेऊन फिरले. नवे कपडे घातलेली माणसं मोटरसायकलचा वेग कमी करून बघत होती. मावशी बांधावर बसून हुकूम सोडत होती.

"गायीच्या मागं काय फिरता? म्हशीकडं बघा, तिचं पोट मोठं!"

दोन्ही बादल्या भरल्या. "घरी जाऊन आंघोळ करा, बाई. लक्ष्मी यायची हाय," ती म्हणाली. मी घरी गेले नाही.

गेटवरच्या चाचांनी बादल्यांत डोकावून पाहिलं. "मॅडम, लोगां आज मिठाई लेको आते, तुम ये क्या लेको आए?"

"खाने का ही है, चाचा."

"किसके?" असं विचारून त्यांनी घाईघाईने गेट उघडलं.

शेण पाण्यात कालवलं, गोणपाटातून गाळलं, गुळाच्या पाण्याबरोबर हौदात सोडलं. मग रोज तेच. सकाळी गूळ, दुपारी नमुना. पाडवा गेला, भाऊबीज गेली. गेटवर चाचांशी होणारी दोन वाक्यं सोडली तर दिवसभर ब्लोअरचीच सोबत. तिसऱ्या दिवशी मी हौदाशी मोठ्याने बोलत असल्याचं माझ्या लक्षात आलं. 'खा रे' म्हणत होते. गप्प बसले.

रविवारी दुपारी काचपट्टीवर एक चपलेच्या आकाराचा जीव दिसला. सरकला, थांबला, पुन्हा सरकला. मग दुसरा. काठाला आणखी चार-पाच. "या, या, बघा," म्हणत मी मागे वळले. मागे नमुन्यांच्या बाटल्यांची मांडणी होती.

सोमवारी कारखाना हळूहळू, निम्म्याने सुरू करता येईल इतकं कल्चर उठलं होतं. सकाळी मॅनेजरांचा फोन आला.

"व्हॉल्व्ह उघडायचा का?"

"नाही. निम्मं पाणी घेता येईल. आठवडाभराने पूर्ण."

"कसं काय उठलं?" असं ते विचारतील म्हणून मी मावशीचं, म्हशीचं, सगळं मनात नीट लावून ठेवलं होतं. चांगलं सांगता आलं असतं.

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी हवेचा दाब बघायला गेले.