तात्पुरतं, डॉक्टरांच्या सांगण्यावरून

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, पत्र्याचे डबे बनवणाऱ्या गाळ्याच्या वर आमचं ऑफिस आहे. पॅथॉलॉजी लॅबसाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहितो. कोड लिहायला मदत करणारा एआय सहायक घेतला तेव्हा मालकांनी एका कॉम्प्युटरला हार घातला, नारळ फोडला आणि भाषण केलं. भाषण संपल्यावर मी सहायकाला एकच बंधन घातलं: आमचा कोड वाचायचा, लायब्ररीच्या फोल्डरात शिरायचं नाही. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड. आम्ही तो आमच्या प्रकल्पात कॉपी करून ठेवतो. तो कुणी उघडत नाही. पंखा फिरत असताना मोटार कोण उघडतं, असं मी नव्या लोकांना ऐकवायचो.

घाटकोपरहून येणारी एक मुलगी तेव्हा प्रोबेशनवर होती. नवजात बाळांच्या रिपोर्टचा भाग तिने सहायकाच्या मदतीने लिहिला. त्या भागाची चाचणी सुरू असतानाच बोरिवलीच्या लॅबमधून फोन आला: दोन दिवसांच्या बाळाचं वय तीन दिवस दिसतंय. काविळीच्या तपासणीत या वयात एकेक दिवस महत्त्वाचा असतो.

मालक तिला म्हणाले, "एआयवर सोडून मोकळी झालीस ना? कायम करायचं की नाही, शुक्रवारी बघू."

ती माझ्या टेबलापाशी आली.

"सर, लायब्ररीसोबत आलेल्या माहितीत स्पष्ट लिहिलंय, जन्माचा दिवस शून्य. लॅबला तो पहिला दिवस धरून हवाय. म्हणून एक मिळवला. चुकलं कुठे?"

"सहायकाला विचार."

"विचारलं. तो पण हेच म्हणतो. त्याला आत बघू द्या ना."

"अगं, जगभर वापरतात ती लायब्ररी. त्यात काय निघणार?"

"मग बघितल्याने झिजणार आहे का?"

मी बंधन काढलं. खालून चहा येईपर्यंत सहायकाने लायब्ररीतली एक ओळ पुढे ठेवली. वयात इथे आधीच एक मिळवलेला आहे, माहितीत याचा उल्लेख नाही, असं त्याने अतिशय नम्रपणे कळवलं. शेजारी मराठीत टीप होती: 'तात्पुरतं, डॉक्टरांच्या सांगण्यावरून.'

ते मराठी माझं होतं. कैक वर्षांपूर्वी लॅबच्या डॉक्टरांना फोनवर ठेवून मी ती ओळ बदलली होती आणि साफ विसरलो होतो. एक मी मिळवला, एक तिने.

ती स्क्रीनकडेच बघत म्हणाली, "सर, तात्पुरतं म्हणजे किती?"

टिपेखाली नाव नव्हतं. गप्प बसणं सोपं होतं, आणि खरं सांगायचं तर चहा संपेपर्यंत मी बसलोही. मग मालकांच्या केबिनमध्ये गेलो आणि सहायकाला चूक सापडल्याचं सांगितलं.

"बघ," ते खुश झाले, "मी भाषणात म्हटलं होतं ना, एआय चुका पकडेल!"

"पकडली. माझी आहे. तिचं गणित बरोबर होतं."

त्यांनी शुक्रवारची वाट पाहिली नाही.

कायम झाल्यावर पहिलं काम तिनेच निवडलं: लायब्ररीतले माझे बाकीचे तात्पुरते बदल शोधायचे. आतापर्यंत चार सापडलेत.