पुसलेला पऱ्या

हे आजवर दोघांनाच ठाऊक आहे. त्यातली एक मी — आणि मी कोणालाच सांगितलेलं नाही. दुसऱ्याने सांगितलं होतं. त्याचं कोणी ऐकलं नाही.

मी पेणच्या एका ऑफिसात घरांची थ्रीडी मॉडेल करते. शाळेपासून मी मराठीत बोलताना अडखळते, इंग्रजीत बोलायला लाजते. मग उरतं काय? स्क्रीन.

रोह्याजवळ डोंगरउतारावर एक बंगला होता. मागचा उतार कापून तिथे माती धरून ठेवणारी भिंत घालायची होती. आम्ही जागा बघायला गेलो ते एप्रिलात. प्लॉटच्या कोपऱ्यातून एक कोरडी घळ उतरत होती — पावसाळ्यात वाहणारा पऱ्या. मी तो पाहिला. फोटो काढला. मॉडेलमध्ये घातलासुद्धा.

पण सॉफ्टवेअरमध्ये भिंत उभी केली की पऱ्यापाशी जमीन फाटायची. स्क्रीनवरच्या जमिनीचे हिरवे सुळके भिंतीतून बाहेर यायचे. दोन दिवस झटले. बंगल्याचे मालक चार वाजता मॉडेल बघायला येणार होते — सव्वातीनला मी पऱ्याचे सगळे बिंदू निवडले आणि डिलीट केले. जमीन गुळगुळीत झाली. ऑफिसातले सर म्हणाले, "वा, आता कसं क्लीन दिसतंय!" नंतर परत घालू, असं मी ठरवलं होतं का? माहीत नाही. त्याच मॉडेलवरून भिंतीचं ड्रॉइंग निघालं — मागचं पाणी बाहेर पडायला एकही भोक नसलेलं.

इथे थांबले असते, तर ती नुसती चूक होती.

भिंत बांधायला जनार्दनकाका होते, नागोठण्याचे, साठीचे गवंडी. काम कमरेएवढं आल्यावर त्यांनी मला फोन केला. "ताई, हितनं पावसात पानी येनार. नकाशात तर कायच नाय. कंप्युटरनं गिळला काय पऱ्या?" — आणि हसले. "भोकं ठेवतो. पायपाचे तुकडे हायत माझ्याकडं."

'ठेवा' — एवढंच म्हणायचं होतं. पण मग सर विचारणार, का? मॉडेल उघडणार... मी म्हटलं, "ड्रॉइंगप्रमाणेच करा. बदल नको."

"बरं. तुमी शिकलेली मानसं."

जुलैत भिंत पोटातून फुगली आणि एका दुपारी स्वयंपाकघरावर कोसळली. घरात कोणी नव्हतं — यात माझं काही श्रेय नाही.

सर आणि मी तिथे पोचलो, तेव्हा मालक चिखलात उभे राहून काकांना बोलत होते. चोर म्हणाले. सिमेंट खाल्लं म्हणाले. काका माझ्याकडे वळले. "ताई, मी फोन केलता ना तुमाला? सांगा ना यान्ला."

सर बघत होते. मी नेहमी हळू बोलते — त्या दिवशी मात्र सगळ्यांना ऐकू गेलं. "मला असा काही फोन आला नव्हता."

काकांनी पुन्हा विचारलं नाही. रागावलेही नाहीत. नुसते बघत राहिले — मी कोण, हे नव्याने ओळखत असल्यासारखे. त्यानंतर त्यांना या भागात भिंतीचं काम कोणी दिलं नाही. आता ते डोलवीला, कंपनीत, कंत्राटदाराच्या हाताखाली झाडलोट करतात.

फोन आला होता. बुधवारी, सकाळी अकराच्या सुमारास. त्यातला शब्द न् शब्द मला आठवतो. त्यांनी सिमेंट खाल्लं नव्हतं. भिंत त्यांनी मी सांगितली तशीच बांधली होती.