शिंगावरच्या बांगड्या

सुमे, अशी जवळ सरक बघू. कागदावरच सरक, पण सरक. काल फोनवर हसत हसत म्हणालीस, "आई, गाय सातव्या महिन्यातच गाभडली, वासरू मेलेलं पडलं, वार आतच अडकली होती, मीच काढली." उघड्या हातानं ना? अगं शहाणे, आक्काकडून शिकलीस ते अर्धंच शिकलीस.

आपली शेजारीण आक्का म्हणजे सगळ्या वस्तीच्या गाईंची सुईण. कुणाची गाय अडली की यायची, हातातल्या बांगड्या काढून त्याच गाईच्या शिंगात अडकवायची आणि कोपरापर्यंत हात आत. "हलू नगं गं बाय, माझा चुडा फुटंल," म्हणायची. गाय खरंच थिजल्यासारखी उभी राहायची. पार आळे गावाहून बोलावणी यायची तिला.

जनावरांच्या डॉक्टरांनी तिला रबरी हातमोजे दिले होते. तिनं त्यात घेवड्याचं बी बांधून ठेवलं. "मोज्यात हात आंधळा व्हतो. वासराचं नाक कुठं, पाय कुठं, हाताला दिसाया नगं?"

तू सासरी गेलीस आणि मग तिचीच गाय गाभडली. बोटाला विळा लागलेला, तरी वार तिनं तशीच ओढली, दूध वाढावं म्हणून रीतीप्रमाणं वडाला टांगली. त्या गाईचं दूधही सवयीनं निरसंच, न उकळता प्यायली.

पुढं ताप सुरू झाला. सकाळी बरी, दिवस कलला की हुडहुडी, मग असा घाम की गोधडी पिळावी. टायफॉइडच्या गोळ्या झाल्या. ताप गेला, परत आला. सांधे धरले, कंबर धरली. बैलाला न भिणारी बाई, पण मी पाय चेपायला बसले की माझं मनगट सोडायची नाही. "वैनी, ऊन उतरलं की लई भ्या वाटतं. त्यो येतो." तेव्हापासून दिवस कलला की माझाही हात कपाळावर जातो.

शेवटी मंचरच्या एका डॉक्टरांनी विचारलं, "घरात जनावर गाभडलं होतं का?" रक्त तपासलं, तर ब्रुसेला. गाईचा आजार माणसात आलेला. औषध पुष्कळ दिवसांचं होतं. जरा बरं वाटलं तशी आक्कानं ते सोडलं, आणि दुखणं मणक्यात जाऊन बसलं.

तिची लेक तिला लोणी गावी घेऊन गेली. गाडीत बसवताना तिनं बांगड्या माझ्या हातात दिल्या. "सुमीला द्या. आन् सांगा, हात आंधळा झाला तरी चालंल, मोजं घाल म्हनावं." तिकडून ती परत आली नाही. बांगड्या फडताळात आहेत, तुझ्या नावाच्या.

आणि तू म्हणतेस, परवापासून कणकण आहे, उन्हाची असेल. असू दे बाई, उन्हाचीच असू दे! पण डॉक्टरांना आधी गाईचं सांग. पोरांना दूध चांगलं उकळून दे. रक्त तपासायला दिलंस की तशीच इकडं ये. आपली पिंपळवंडी काय लांब आहे का? ऊन उतरायच्या आत ये गं. दिवस कलताना मला एकटीला बसवत नाही.