बिरुदेवाला विहिरीवर पाठवलं तो दिवस

आमच्या वळसंगात शरणम्माला सगळे बाई म्हणतात, आणि मानानं म्हणतात. बारावी झाल्यावर ती सोलापुरात विशेष मुलांना शिकवायचं शिकून आली आणि पत्र्याच्या दोन खोल्यांत तिनं शाळा घातली. मुलं अकरा. कुणाला बोलता येत नाही, कुणाला घास धरता येत नाही. शर्टाचं एक बटण लावायला तिथं तीन महिने लागायचे. तेवढ्यात रानातला जोंधळा निसवून हुरड्याला येतो. पण बटण लागलं की शरणम्माचा चेहरा असा फुलायचा, की पाहणाऱ्याला आपल्याच घाईची लाज वाटावी.

त्या अकरांत बिरुदेव सतरा वर्षांचा. बाप मेंढरांमागं गेला की आठ-आठ महिने येत नाही. आई तानाबाई मजुरीला जाते. शाळेत येण्याआधी बिरुदेवाच्या कमरेला दोरी असायची आणि दोरीचं टोक घरच्या खांबाला. शाळेत दोरी नव्हती. मात्र अनोळखी माणूस दिसलं की तो भिंतीवर डोकं आपटायचा, धरणाऱ्याला चावायचा. त्याच्यासाठीच शरणम्मानं दुसरी मदतनीस ठेवली होती.

मदतनिसांचा पगार आणि मुलांना आणणारी रिक्षा, हा भार पुण्याची एक संस्था उचलायची. डिझेल वाढलं, भाडं वाढलं, मदत तेवढीच राहिली. शरणम्मा रात्री ब्लाउज शिवून वरचं भागवायची. मग संस्थेनं कळवलं, की आता निधी कमी पडतोय, जिथं गरज सर्वांत जास्त त्याच शाळा ठेवू, पाहायला माणसं येतील.

पाहुण्यापुढं घरातलं उणं उघडं टाकायचं नाही, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. शरणम्मानं खोल्या सारवल्या, मुलांना न्हाऊ घातलं, तेल लावून भांग पाडले. आणि बिरुदेवाला रिक्षावाल्या कल्लप्पाबरोबर माळावरच्या विहिरीवर पाठवून दिलं.

"बाई, शाळा दाखवायलाय का नवरी?" कल्लप्पा म्हणाला. ती हसली आणि वाटेत भजी खायला तिनं त्याच्या हातावर वीस रुपये ठेवले.

पाहुणे तीन आले. मुलांनी हात जोडले. त्यांच्यातल्या शिवानीनं थेंबही न सांडता पाणी दिलं. पाहुण्यांनी शेंगाचटणी-भाकरी खाल्ली, फोटो काढले, तोंडभरून कौतुक केलं. अकरावं मूल कुठं आहे, हे त्यांनी विचारलं नाही. शरणम्मानंही सांगितलं नाही.

महिन्यानं पत्र आलं. शाळा उत्तम चालली आहे, मुलं शांत आहेत, सर्वाधिक गरजेच्या यादीत ती बसत नाही. मार्चपासून मदत बंद.

शरणम्मानं फोन करून सगळं खरं सांगितलं. पलीकडच्या मॅडमनी ऐकून घेतलं. त्यांनाही वाईट वाटलं, पण निधीचं वाटप होऊन गेलं होतं.

दोन महिने तिनं रेटून पाहिलं. आईबापांनी ज्वारी आणून दिली. कल्लप्पानं निम्म्या भाड्यात रिक्षा चालवली, मग त्याचाही हप्ता थकला. मदतनीस बायांनी वाट पाहिली आणि शेवटी टॉवेलच्या कारखान्यात गेल्या. शरणम्मा घरोघर जाऊन सांगू लागली, की सोमवारपासून शाळा नाही.

तानाबाईच्या घरी ती सगळ्यांत शेवटी गेली. विहिरीचीही गोष्ट तिनं लपवली नाही. तानाबाई सुपातले खडे वेचत होती. तिनं मान वर केली.

"बाई, घरात चार मान्सं आली की मी ह्याला मागच्या खोलीत कोंडत हुते. त्यावरनं तुमी मला लई बोलला हुता."

"व्हय."

"आन् तुमीबी तेच केलं की."

आवाजात राग नव्हता. तानाबाई पुन्हा सुपाकडं वळली. शरणम्मा उंबऱ्यावर बसून राहिली. तिला रडायलाही तोंड नव्हतं.

सोमवारी सकाळी तानाबाई दोरी शोधत होती, तेवढ्यात शरणम्मा दारात आली. "तू जा कामाला," एवढंच म्हणाली. तेव्हापासून रोज तानाबाई परतेपर्यंत ती बिरुदेवापाशी बसते. ब्लाउज आता पहाटे शिवते. एका घराचं असं भागलं. बाकीच्या दहा घरांना ती पुरणार कशी?

तिच्या वाटेवर शिवानीचं घर आहे. शिवानी अजूनही वेणी घालून, पिशवी काखेत धरून रिक्षासाठी दारात उभी राहते. शरणम्मा हल्ली मागच्या बोळातून जाते.