हूड आधी, ब्रेक मग
नव्या ताडपत्रीचा वास आला की आमची पहिली जीप आठवते. नगरच्या एका कंत्राटदाराकडून जुनीच घेतली होती. "हॅन्डब्रेक धरत न्हाई, चाकामागं ह्यो लावत जा," म्हणून त्याने एक दगडही दिला. थोरला भाऊ म्हणाला, "आधी ब्रेक करू." मी म्हणालो, "दगड हाय की, दादा! आधी हूड शिवू, लोकं हसत्यात." ताडपत्रीचं नवं हूड चढलं. आठवड्यातच करंजीच्या घाटात इंजिन तापलं. दादाने दगड लावला, मी डबा घेऊन पाण्याला गेलो. परतलो तर दगड सरकलेला आणि दादा जीपखाली. ते नवं हूड काढूनच मी त्याला झाकलं. अजूनही सपाटीला गाडी लावली तरी मी दगड शोधतो. नातवंडं हसतात. हसू देत.