शेवळांची भाजी आणि दोन काकड्या

मला रानभाज्यांतलं कळतं, हा समज माझा मीच करून घेतला होता. त्यात दुसऱ्या कुणाचा हात नव्हता. निवृत्तीनंतर मी एका रानभाजी प्रदर्शनाला गेलो, तिथे टाकळा आणि कुर्डू अचूक ओळखले (खाली पाट्या होत्या) आणि घरी येऊन सुनंदाला, म्हणजे बायकोला, सांगितलं की आता आपण निसर्गाच्या जवळ जाऊन जेवायचं.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "मी इथेच जेवते."

त्या जूनमधल्या एका रविवारी आमच्या रेवाची होणारी सासरची माणसं चांदवडहून जेवायला येणार होती. लग्न ठरलं होतं, जागा ठरत नव्हती. रेवाला नाशिकलाच, मोजक्या माणसांत लग्न हवं होतं. होणारे व्याही बाळासाहेब यांना ते आपल्या मळ्यात, अख्ख्या तालुक्यासमोर हवं होतं. बाळासाहेब मनाने उमदे, पण ते बोलायला लागले की समोरच्याला श्वास घ्यायलाही जागा मिळायची नाही.

"बाबा, आज तुम्ही ठाम राहा," रेवाने मला बजावलं. तिचे डोळे आदल्या दिवसापासून लाल होते, त्यामुळे मी खरोखरच ठाम राहायचं ठरवलं.

सकाळी कोथिंबीर आणायला बाहेर पडलो, तर पेठ रोडच्या कडेला एक म्हातारी शेवळं घेऊन बसलेली. जमिनीतून भाल्यासारखे वर येणारे ते जांभळट-तपकिरी कोंब मी प्रदर्शनात पाहिले होते. पाटी न वाचता ओळखलेली ही माझी पहिली भाजी. मी दोन जुड्या घेतल्या.

"काकडं घाल हां त्यात," म्हातारी म्हणाली. "नायतर घसा खाजंल." ती पिशवीत हात घालून काहीतरी काढायला लागली.

"राहू द्या आजी. घरी आहेत."

"घरी हायेत? मग बरं हाय."

घरी फ्रिजमध्ये दोन छान काकड्या होत्या.

"शेवळांत काकडी?" सुनंदाने विचारलं. "मी कधी ऐकलं नाही."

"म्हणून तर हिला रानभाजी म्हणतात," मी म्हणालो आणि काकड्या किसल्या. वर भरपूर खोबरं पेरलं.

दुपारी बाळासाहेब, विहीणबाई, जावई होऊ घातलेला रोहन आणि मी अशी चार पानं मांडली. सुनंदा आणि रेवा वाढत होत्या. भाजी कसली, ते मी सांगितलं नाही. "ओळखा पाहू," म्हणालो. बाळासाहेबांनी न ओळखताच दोनदा घेतली.

"हे पाहा इवाई," त्यांनी सुरुवात केली, "मांडव आमच्या मळ्यात पडंल. तुम्ही फक्त पोरगी घेऊन यायचं. अख्खा तालुका जेवंल, आन..."

'आन'च्या पुढे काही आलं नाही. त्यांनी घशाला हात लावला. रोहन आधीच मान खाजवत होता. मग माझ्याही घशात कुणीतरी काथ्याची दोरी ओढायला लागलं.

विहीणबाईंचं माहेर पेठकडचं. त्यांनी बोटांनी भाजी चिवडली आणि बसक्या आवाजात विचारलं, "शेवळं का ही? काकडं घातली व्हती?"

"घातली. दोन."

"दोनच?"

"चांगली लांब होती. सालं काढून किसली."

विहीणबाईंचा हात थांबला. "किसली? दाखवा बरं एक."

आता एकही शिल्लक नव्हती, म्हणून मी कचऱ्याच्या डब्यातली सालं आणून त्यांच्यासमोर धरली. त्यांनी सालांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ही काकडी."

"तेच म्हणतोय मी."

"काकड येगळं. रानातलं फळ असतंय ते, आवळ्यासारखं, आंबट. त्याच्याबिगर शेवळं खाल्ली तर असंच व्हतंय."

त्यांनी पदर खोचला आणि थेट स्वयंपाकघर गाठलं. चिंचेचा कोळ, गूळ, ताक, जे सापडलं ते आलं. मी ठाम राहणार होतो, पण त्या वेळी बेसिनपाशी गुळण्या करत होतो. रेवा बाळासाहेबांच्या हातात कोळाची वाटी देत हळूच म्हणाली, "काका, लग्न नाशिकलाच, घरच्या माणसांत केलं तर चालेल?"

बाळासाहेबांनी बोट वर करून तोंड उघडलं. विहिरीत पाणी नसताना मोटर सुरू करावी तसा आवाज आला आणि बंद पडला.

"चालंल," विहीणबाई म्हणाल्या. "पोरीला हवंय तसंच करायचं. गावजेवण मागून घालू." मग नवऱ्याकडे पाहून त्या शांतपणे म्हणाल्या, "तीस वर्षांत आज पहिल्यांदा माझं वाक्य पुरं झालं."

बाळासाहेबांनी क्षणभर रागाने पाहिलं, मग चिंचेचा घोट गिळला आणि मान हलवली. रेवा आत जाऊन रडली. या वेळी आनंदाने. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे घसे मोकळे झाले, पण तोवर तारीखही निघाली होती.

लग्न डिसेंबरात नाशिकला, घरच्या माणसांत झालं. वधूपिता म्हणून मी जिलेबीचं ताट घेऊन आग्रह करायला पंगतीत शिरलो. चांदवडकडच्या पहिल्याच आजोबांनी आपल्या पानावर दोन्ही हात आडवे धरले आणि शेजारच्याला विचारलं, "हेच का ते?"

शेजाऱ्याने मान डोलावली.

"वाढा," आजोबा मला म्हणाले, "पण आधी तुम्ही एक खाऊन दाखवा. थोडा वेळ थांबू, मग बघू."