भुंडे हात

पैठण गेटामागच्या आमच्या गल्लीत नळ कधी येणार, हे एकटीला कधीच कळत नाही. माझ्या सासूबाईंना, यमुनाबाईंना, टाकीवरच्या माणसाची खबर असते आणि समोरच्या द्वारकाबाईंना खालच्या गल्लीची. दोघी बोलल्या की वेळ निघते. पण महिनाभर त्यांचं बोलणं बंद. सासूबाईंच्या आमटीत घातलेला येसर मसाला चाखून द्वारकाबाई म्हणाल्या होत्या, "येसर विकतचा वाटतो." आमच्याकडं बाईच्या येसराला नाव ठेवणं म्हणजे तिच्या माहेराचा उद्धार करणं! त्यापायी दोनदा नळ हुकला आणि टँकरपुढं घागर घेऊन उभी कोण, तर मी. अस्सा राग आला होता!

जैतुनबी खाला चाळीस वर्षं आमच्या गल्लीत बांगड्या भरते. तिनं हात धरला की बाईला हलता येत नाही, आणि हात सुटेस्तोवर पोटातलं सगळं बाहेर येतं. माझंही आलं.

"खाला, येसरावरून लई बोलणं वाढलं अन् आता बंदच हो दोघींचं."

"बांगडी वाढली तर नवी भरते मी," खाला म्हणाली. काच फुटली असं ती कधी म्हणत नाही, 'वाढली' म्हणते. "बघते."

दोघींनाही दुसऱ्या दिवशी कन्नडला एकाच लग्नाला जायचं होतं. खाला आधी समोर जाऊन आली. मग सासूबाईंच्या डाव्या हातात सहा हिरव्या भरल्या आणि टोपलीवर फडकं ओढलं.

"संपल्या, ताई. तुमच्या सव्वादोनच्या मापाचा एकच डझन व्हता. सहा द्वारकाबाईला भरल्या."

"अगं, अन् उजवा हात?"

"मला काय ठावं? दोघी ठरवा की."

सासूबाई तरातरा दारात गेल्या. समोर द्वारकाबाईही एक हात भुंडा घेऊन उभ्या. दोघींच्या तोंडून एकदमच निघालं, "लबाड म्हातारी!"

मग खालाचा जो उद्धार सुरू झाला, त्यात दोघी एकाच पायरीवर कधी बसल्या, त्यांनाही कळलं नाही. मध्येच द्वारकाबाई म्हणाल्या, "खाली सकाळीच नळ आला म्हणं."

"मग टाकीवरचा म्हणला ते खरंच की! आज चारला आपल्याकडं."

चारला नळ आला. पिंप काठोकाठ भरलं तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं.

बाहेर आले, तर खाला ओट्यावर शिव्या ऐकत निवांत चहा पीत होती. मी हळूच फडकं उचललं. खाली सव्वादोनच्या हिरव्यागार बांगड्या, चांगल्या दोन डझन!

"खाला!"

"झाक, पोरी," ती कुजबुजली. "आत्ता कुठं बोलणं वाढायलंय. येसरापर्यंत जाऊ दे."